सख्खी, चुलत आणि शेजारची: उत्तरेच्या भाषांमधून सोळाशे वर्षं

इ. स. ४००च्या सुमारास, दक्षिण युटलंड (आजच्या डेन्मार्कमध्ये)

भाता ओढायचं काम तुमच्याकडे आलं आहे. समोर सोनार मांडीवर शिंग घेऊन बसलाय. शिंग सोन्याचं आहे, पण बैलाच्या शिंगासारखंच बाकदार. काठाजवळच्या पट्टीवर तो टोकदार हत्यारानं अक्षरं कोरतोय. अक्षरं म्हणजे उभ्या आणि तिरप्या रेघा. या रून लिपीत चोवीस चिन्हं आहेत, आणि ही लिपी येणारी माणसं पंचक्रोशीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. सोनार स्वतःचं नाव कोरतो, ह्लेवागास्तिझ, आणि पुढे लिहितो की हे शिंग मी घडवलं.

या प्रवासात तुम्हाला एक सवलत आहे. कान तुमचेच, पण समज ज्या त्या काळातली. म्हणून सोनाराचं बोलणं तुम्हाला कळतं, आणि शाळेत कधी ‘रामः रामौ रामाः’ घोकलं असेल तर काहीतरी ओळखीचंही वाटतं. दगडाला तो ‘स्टाइनाझ’ म्हणतो, पाहुण्याला ‘गास्तिझ’. प्रत्येक नामाला अशी शेपटी आहे आणि वाक्यातल्या कामाप्रमाणे ती बदलते. त्याचा तो शेवटचा ‘अझ’ आणि ‘रामः’चा विसर्ग हे दोन्ही एकाच पूर्वजापासून आलेले आहेत.

सोनाराला विचारा, तू डॅनिश बोलतोस की स्वीडिश? त्याला प्रश्नच कळणार नाही. या भाषा अजून जन्मलेल्या नाहीत. इथून उत्तरेला कित्येक दिवसांच्या वाटेवर, आजच्या नॉर्वे-स्वीडनच्या बऱ्याच भागात, थोड्याफार फरकानं हेच बोललं जातं. त्याच्याही पलीकडे सामी लोक आहेत, पूर्वेला फिनिश बोलणारे आहेत. त्यांचं कूळ वेगळं. शेजार असला तरी या गोतावळ्यात ते येत नाहीत.

शिंगाचं पुढे काय होणार हे तुम्हाला माहीत आहे. १७३४ साली ते गॅलेहूस गावच्या शेतात सापडेल, कोपनहेगनच्या राजसंग्रहात जाईल, आणि १८०२ साली एक कर्जबाजारी सोनार ते चोरून वितळवून टाकेल. उरतील फक्त चित्रं. पण त्या चित्रांतल्या अक्षरांमुळेच सोनाराची भाषा आपल्याला ठाऊक आहे. भाता ओढत राहा.

मधली शतकं

इथे मुक्काम नाही, नुसते कान उघडे ठेवून चालत राहा. शब्दांच्या शेपट्या झडताहेत. ‘होर्ना’चं ‘होर्न’ झालं. ‘गास्तिझ’मधला ‘इ’ गेला, पण जाता जाता आधीच्या ‘आ’ला स्वतःकडे ओढून गेला, आता पाहुणा ‘गेस्त्र’ झालाय. ‘स्टाइनाझ’चा ‘स्टेइन’. आजोबांचं बोलणं नातवाला जुनाट वाटावं, इतक्या वेगानं हे चाललंय.

गंमत म्हणजे असे नवे स्वर जन्मत असताना रूनांची संख्या चोवीसवरून सोळावर आली. उ, ओ आणि त्यांच्या आसपासचे आणखी स्वर, सगळे एका चिन्हावर भागवायचे. वाचणाऱ्यानं संदर्भानं ओळखून घ्यावं.

सुमारे ९६५, हेडेबी

बंदरात चिखल, धूर आणि माशांचा वास. युटलंडच्या पायथ्याशी असलेलं हे गाव म्हणजे उत्तरेची मोठी बाजारपेठ. याच सुमारास मुस्लिम स्पेनमधून आलेला एक प्रवासी इथल्या लोकांच्या गाण्याची तुलना कुत्र्यांच्या आवाजाशी करून गेलाय, आणि ती सुद्धा कुत्र्यांना झुकतं माप देऊन. उत्तरेला येलिंगमध्ये राजा हॅराल्ड ब्लूटूथनं आईवडिलांच्या स्मरणार्थ मोठी शिळा उभारली आहे. तिच्यावर त्यानं कोरलंय की आपण सारा डेन्मार्क आणि नॉर्वे जिंकला आणि डॅनिश लोकांना ख्रिस्ती केलं.

तुम्ही एका नॉर्वेजियन विक्रेत्याच्या पथारीशी उकिडवे बसता. त्याच्याकडे मऊ दगडातून कोरलेली भांडी आहेत आणि धार लावायचे दगड. गिऱ्हाईक स्थानिक आहे. दोघांची घासाघीस सुरू होते. विक्रेता म्हणतो ‘स्टेइन’, गिऱ्हाईक म्हणतं ‘स्टेन’. मागे केसाळ कातडी घेऊन उभा असलेला स्वीडिश व्यापारी मध्ये तोंड घालतो, तेही दोघांना कळतं. कुणी कुणाला ‘काय म्हणालास?’ असं विचारत नाही. उत्तरेतले लोक पुढे कित्येक पिढ्या आपल्या सगळ्यांच्या बोलीला मिळून एकच नाव देतील: ‘डॅनिश जीभ’. आइसलंडमध्ये बसून लिहिणारे लोकही हेच नाव वापरतील.

पण तो ‘एइ’चा ‘ए’ नीट ऐकून ठेवा. पहिली चीर इथे पडली. जोडस्वर सपाट करायची सवय डेन्मार्कमध्ये सुरू झाली आणि स्वीडनकडे सरकत गेली. नॉर्वेत आणि तिथून निघालेल्या वसाहतींत ती फारशी पोचली नाही. त्यामुळे भाषाशास्त्रज्ञ पुढे कुळाच्या दोन शाखा मांडतील. पूर्वेच्या शाखेत डॅनिश आणि स्वीडिश. पश्चिमेच्या शाखेत नॉर्वेजियन, आइसलंडिक आणि फेरो बेटांवरची फेरोईज. म्हणजे जन्माच्या नात्यानं नॉर्वेजियनची सख्खी बहीण आइसलंडिक, आणि शेजारची स्वीडिश चुलत. हे नातं लक्षात ठेवा. पुढच्या प्रत्येक मुक्कामी त्याला कुणी ना कुणी धक्का देणार आहे.

बाराव्या शतकातला एक उन्हाळा, थिंगवेलिर, आइसलंड

रात्र होतच नाही. लाव्हाच्या काळ्या कड्यांमध्ये गवताच्या मातीनं लिंपलेल्या भिंतींचे तळ आहेत, त्यांच्यावर लोकरीच्या कापडाचं छप्पर. ९३०पासून दर उन्हाळ्यात देशभरातून माणसं इथे जमतात. या सभेचं नाव आल्थिंग. पूर्वी इथल्या खडकावर उभं राहून एक माणूस देशाचा कायदा तोंडपाठ म्हणत असे, दरवर्षी एक तृतीयांश, तीन वर्षांत पूर्ण. १११७च्या उन्हाळ्यात ठरलं की कायदा आता लिहून काढायचा. तेव्हापासून या बेटाला लिहिण्याचं जणू वेडच लागलंय.

शेजारच्या तळात एक जण वासराच्या कातड्यावर लिहीत बसलाय. त्याचं नाव इतिहासाला कळणार नाही, पण त्याची पुस्तिका टिकेल. त्याचा मुद्दा असा की लॅटिन अक्षरं आपल्या बोलीला पुरत नाहीत. प्रत्येक लोकांनी आपल्या बोलीला साजेशी वर्णमाला करून घ्यावी. हे सिद्ध करण्याची त्याची रीत बघा. तो सारा शब्द तसाच ठेवतो, फक्त स्वर बदलतो आणि विचारतो, अर्थ बदलला की नाही? बदलला तर त्या स्वराला वेगळी खूण हवी. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतला फरक ज्या मराठी मुलांना छडी खाऊन शिकवला गेला, त्यांना ही रीत समजवायला नको. युरोपातल्या भाषाशास्त्राला ती विसाव्या शतकात नव्यानं सापडेल.

तुम्ही त्याच्याशी बोलता. त्याची बोली पश्चिम नॉर्वेची, कारण ८७०नंतर इथे येऊन वसलेले बहुतेक लोक तिकडचे. बर्गेनहून काल उतरलेला खलाशी आणि हा लेखक यांच्या बोलण्यात तुम्हाला फारसा फरक जाणवत नाही. दोघांचा दगड ‘स्टेइन्न’ आहे, दोघांच्या नामांना चार विभक्ती आहेत. यांच्यामध्ये समुद्र आहे, पण अजून तो भाषेच्या आड आलेला नाही.

तेरावं शतक, आणि मग १३४९, बर्गेन

धक्क्यालगतच्या लाकडी वखारींच्या रांगेला ब्रिग्गेन म्हणतात. आत एका मद्यशाळेत तुम्ही बाकावर दाटीवाटीनं बसलायत. एक पोऱ्या येऊन बोटभर लाकडाची काटकी हातात देतो. तिच्यावर रून आहेत. गीदा सांगतेय की घरी ये. ‘घरी’साठी शब्द आहे ‘हेइम’. बाकावरचे मित्र हसतात. ज्याला निरोप आला तो काटकीच्या दुसऱ्या बाजूला उत्तर कोरायला घेतो, पण बिअर फार झालेली आहे. उमटतात त्या नुसत्या रेघोट्या. १९५५च्या आगीनंतर इथे उत्खनन होईल, तेव्हा अशा सुमारे ६७० कोरीव गोष्टी सापडतील: व्यापाऱ्यांच्या पट्ट्या, प्रेमाचे निरोप, प्रार्थना, चावट मजकूर. आणि त्यात ही काटकीही असेल. साधी माणसं आपली भाषा आपल्या हातानं लिहीत होती, याचा इतका धडधडीत पुरावा मध्ययुगातून क्वचितच मिळतो.

आता १३४९कडे या. इंग्लंडहून आलेलं जहाज नांगर टाकतं आणि त्याच्याबरोबर प्लेग उतरतो. देशातली निम्म्याच्या आसपास माणसं जातात. धर्मगुरू आणि लेखनिक मृत्यूशय्येपाशी बसणारे, त्यामुळे तेही मोठ्या संख्येनं. शुद्ध लिहायला शिकवणारेच उरले नाहीत, तेव्हा नव्या लेखनिकांनी कानाला जे लागलं ते लिहिलं. पुढच्या दोन-तीन पिढ्यांत जुनी लेखी नॉर्वेजियन खिळखिळी होते.

रिकाम्या झालेल्या धक्क्यावर जर्मन आवाज वाढतो. हान्सा संघाच्या व्यापाऱ्यांनी १३६०च्या सुमारास इथे आपली कायमची पेढी थाटली. उत्तरेकडून येणारा सुकवलेला कॉड मासा ते घेतात आणि धान्य देतात. त्यांना इथे लग्न करायला बंदी आहे, पण सौदा करायला बोलावं लागतंच. तुम्ही मासे मोजायला उभे राहा. तुमची बोली आणि त्यांची उत्तर जर्मन बोली एकमेकींच्या इतक्या जवळच्या आहेत की धातू ओळखू येतात. अडतं ते प्रत्ययांपाशी. मग दोन्हीकडचे लोक प्रत्यय गिळून टाकतात. चार विभक्तींचा डोलारा बंदरोबंदर असाच कोसळत जातो, आणि कोपनहेगन, स्टॉकहोममध्येही हाच प्रकार चालू आहे.

या पेठांमधून शब्दांचे गाडेच्या गाडे आत येतात. पैसे चुकते करणं ‘बेताले’, काम ‘आर्बेइद’, शिंपी ‘स्क्रेद्देर’. ‘भाषा’ या अर्थाचा ‘स्प्रोक’ हा शब्दसुद्धा जर्मनांकडूनच घेतलेला. नॉर्वेजियन, डॅनिश, स्वीडिश, तिघी एकाच दुकानातून उधारी करतात, त्यामुळे चेहऱ्यानं एकमेकींसारख्या होत जातात. आइसलंडमध्ये शहरं नाहीत, जर्मन पेठ नाही, एका शेतापासून दुसरं मैलभर लांब. तिथे काम अजून ‘विन्ना’च आहे, भाषा ‘माउल’ आहे, आणि विभक्ती चारच्या चार शाबूत. सख्ख्या बहिणी इथून दुरावायला लागल्या.

१५४१, उप्सालाचा छापखाना

१३९७ साली काल्मारमध्ये डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन ही तिन्ही राज्यं एका मुकुटाखाली आली होती. ते लग्न कधीच सुखाचं नव्हतं. १५२० साली डॅनिश राजानं स्टॉकहोममध्ये विरोधकांची कत्तल केली, आणि १५२३मध्ये गुस्ताव्ह वासा स्वीडनचा राजा झाला. आता त्याला स्वतःचं बायबल हवंय.

तुम्ही खिळे जुळवणारे आहात. हाताला शाई आणि शिशाचा वास. पेटीत एक खास खिळा आहे: ‘a’ या रोमन अक्षराच्या डोक्यावर बारीकसा ‘o’. १५२६च्या स्वीडिश नव्या करारापासून तो वापरात आहे. डॅनिश छापखाने हाच उच्चार दोन ‘a’ शेजारी ठेवून दाखवतात, आणि पुढे चारशे वर्षं दाखवत राहतील. १९४८ साली कुठे ते हे अक्षर घेतील. मजकूर सिद्ध करणारे पंडित क्रियापदाचा शेवट ‘आ’नं करतात, डॅनिशमध्ये तो ‘ए’नं होतो. मुद्दाम जुनी, स्वदेशी वाटणारी रूपं निवडली जाताहेत. पान उघडताच हे डॅनिश नाही असं दिसलं पाहिजे. बोलण्यात जे अंतर काही पावलांचं होतं, ते कागदावर ओढा वाटावं इतकं रुंद झालं.

डेन्मार्कचं बायबल १५५०मध्ये येतं. आइसलंडचं १५८४मध्ये, होलारच्या बिशपच्या छापखान्यातून. मूठभर लोकांच्या त्या बेटाला देवाची भाषा आपलीच राहिल्याचं समाधान मिळतं. नॉर्वेला मात्र बायबल मिळत नाही. १५३६नंतर ते डॅनिश राज्याचा भाग आहे, आणि देशातला पहिला छापखाना यायला १६४३ उजाडेल. तुम्ही डोंगरातल्या चर्चमध्ये बसलात तर समोरचा धर्मगुरू डॅनिश वाचतो, पण नॉर्वेजियन उच्चारांनी. बाहेर आल्यावर बायका विहिरीपाशी आपापल्या खोऱ्याची बोली बोलतात. लेखी भाषा एक, बोली दुसरी. पुढची तीनशे वर्षं हे असंच चालणार आहे.

फेब्रुवारी १६५८ आणि पुढे, स्कोने

त्या हिवाळ्यात समुद्र गोठला. स्वीडनच्या दहाव्या कार्ल गुस्तावनं घोडदळासह बर्फावरून चालत जाऊन डेन्मार्कला कोंडीत पकडलं, आणि रोस्किल्डच्या तहात ओरेसुंड खाडीच्या पूर्वेकडचा सगळा मुलूख, स्कोनेसह, घशात घातला. बॉर्नहोम बेटही गेलं, पण तिथल्या लोकांनी त्याच वर्षी बंड केलं आणि ते परत डेन्मार्ककडे आलं.

१६८०चं दशक. तुम्ही स्कोनेतल्या एका गावात दहा वर्षांचं मूल आहात. घरी आजी डॅनिश बोली बोलते. चर्चमध्ये नवा धर्मगुरू आलाय, त्याच्या हातात स्वीडिश प्रश्नोत्तरी आहे आणि ती तुम्ही पाठ करायची. लुंडला नवं विद्यापीठ निघालंय, १६६८पासून वर्ग सुरू आहेत. पुढचे धर्मगुरू तिथेच तयार होतील, कोपनहेगनला जायला नको. कुणी तुमची जीभ कापत नाही. फक्त वाचायचं ते स्वीडिश, देवाशी बोलायचं ते स्वीडिश, अर्ज करायचा तोही स्वीडिश.

आज स्कोनेची बोली स्वीडिशची पोटबोली गणली जाते आणि बॉर्नहोमची डॅनिशची. दोन्ही ठिकाणची म्हातारी माणसं समोरासमोर बसवलीत तर ती आपापल्या राजधानीतल्या लोकांपेक्षा एकमेकांच्या जास्त जवळची वाटतील. इथे भाषेचं नाव तहाच्या कागदावर ठरलं.

१८२०, मुंबई

कोटाच्या आत, पारशी वस्तीत, एक अशक्तसा गोरा माणूस हस्तलिखितं उलटून पाहतोय. रासमुस रास्क, डेन्मार्कमधल्या फ्यून बेटावरच्या एका गावातला. इराणमार्गे इथे पोचलाय आणि अवेस्ता व पहलवी ग्रंथांच्या प्रती मिळवतोय. त्या कोपनहेगनला जातील, आणि त्यांच्या आधारे १८२६मध्ये तो दाखवून देईल की अवेस्ता ही अस्सल, प्राचीन भाषा आहे.

त्याला त्याच्या घराकडच्या भाषांबद्दल बोलतं करा. १८११ साली त्यानं आइसलंडिकचं व्याकरण छापलं, मग दोन वर्षं आइसलंडमध्ये काढली. तिथे असताना लिहिलेला त्याचा निबंध १८१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात तो ध्वनींचा हिशेब मांडतो: लॅटिन-ग्रीकमध्ये जिथे ‘प’ तिथे आपल्याकडे ‘फ’, ‘त’ तिथे दंत्य ‘थ’, ‘क’ तिथे ‘ह’. लॅटिन ‘कोर्नु’ म्हणजे शिंग, त्याचं ‘होर्न’. युटलंडच्या सोनाराचा तो शब्द अचानक रोमपर्यंत जाऊन पोचतो. साम्य केवळ कानाला भासून चालत नाही, ते नियमानं बसलं पाहिजे, ही शिस्त ज्या मोजक्या लोकांनी घालून दिली त्यांतला हा एक.

एक चिंता मात्र त्याला छळते. रेक्याविकमध्ये डॅनिश व्यापाऱ्यांचा इतका दबदबा आहे की शंभर वर्षांत तिथे आइसलंडिक कुणाला कळणार नाही, असं त्याचं भाकीत आहे. म्हणून १८१६मध्ये त्यानं आइसलंडिक साहित्य मंडळ काढायला पुढाकार घेतला. भाकीत खोटं ठरलं, आणि त्याला खोटं पाडण्यात त्याचाही हात होता. ज्यांचं तसं नशीब नव्हतं असेही नातेवाईक आहेत: शेटलंड आणि ऑर्कनी बेटांवरची नॉर्न. ती बेटं १४६८-६९मध्ये स्कॉटलंडकडे गहाण पडली, सुटली नाहीत, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नॉर्न बोलणारं कुणी उरलं नाही.

१८४०चं दशक, पश्चिम नॉर्वे

खांद्यावर झोळी टाका आणि या बुटक्या, लाजाळू माणसाच्या मागून चढण चढा. इवार ओसेन, सुन्नमोरच्या कूळ शेतकऱ्याचा मुलगा, विद्यापीठाचं तोंड न पाहिलेला. १८१४मध्ये नॉर्वे डेन्मार्कपासून सुटला, आइड्सव्होलला राज्यघटना झाली, मग स्वीडनच्या राजाशी जोडला गेला. घटनेत ‘नॉर्वेजियन भाषा’ असा उल्लेखही आला, पण प्रत्यक्षात ती होती डॅनिशच. आपली म्हणावी अशी लेखी भाषा देशाला नाही. १८४२पासून हा माणूस खोऱ्याखोऱ्यांतून हिंडून बोली टिपतोय.

एका शेतघरात चुलीपाशी म्हातारी लोकर पिंजतेय. ओसेन तिला व्याकरण विचारत नाही. तो गवताबद्दल विचारतो, गाईच्या दुखण्याबद्दल, बर्फाच्या प्रकारांबद्दल, आणि ती बोलत असताना वहीत शब्द उतरवतो. ‘मी’ हा कोपनहेगनचा ‘याय’ नाही, ‘एग’ आहे. दगड ‘स्टेइन’. घरी जाणं ‘हेइम’. बर्गेनच्या मद्यशाळेत पोऱ्यानं दिलेल्या काटकीवरचा शब्द, तीनशे वर्षांच्या डॅनिश कागदाखालून जसाच्या तसा. ओसेनचा चेहरा फुलतो. त्याच्या डोक्यात एक ताळा चालू असतो: या खोऱ्यातलं रूप, पलीकडच्या खोऱ्यातलं रूप आणि जुन्या ग्रंथांतलं रूप. तिन्ही जुळलं की शब्द पक्का.

१८४८मध्ये त्याचं बोलींचं व्याकरण येतं, १८५०मध्ये सुमारे २५,००० शब्दांचा कोश, आणि १८५३मध्ये या सगळ्या बोलींवरून बांधलेल्या नव्या लेखी भाषेचे नमुने. शहरातला शिक्षक क्नूद क्नूदसेन वेगळा रस्ता धरतो: डॅनिशच ठेवा, पण नॉर्वेजियन सुशिक्षित माणूस बोलतो तसं लिहा; ‘बोग’ कशाला, ‘बोक’ लिहा. १८८५मध्ये संसद दोन्ही भाषांना समान दर्जा देते. १९२९पासून ओसेनच्या भाषेला नीनोर्स्क म्हणतात, दुसरीला बूकमोल. आज शाळेत दहापैकी साधारण एक मूल नीनोर्स्कमधून शिकतं. भांडण मिटलेलं नाही, पण त्याचा एक मोठा फायदा झाला, तो शेवटच्या मुक्कामी दिसेल.

१ जुलै १९५१, ओस्लो

टेलिफोन केंद्रात कानाला यंत्र लावून बसा. कालपर्यंत लोक ‘दोन-आणि-वीस’ म्हणत, आपल्या ‘बावीस’सारखं एकक आधी. नंबर जोडताना आकडे उलटे पडत, म्हणून टेलिफोन खात्यानं तक्रार केली आणि संसदेनं आजपासून ‘वीस-दोन’ हीच अधिकृत रीत केली. स्वीडिशमध्ये ती आधीपासूनच होती. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस दोन’ आलं तेव्हा महाराष्ट्रात उडालेला गदारोळ आठवत असेल, तर ओस्लोच्या चहाच्या टेबलांवर काय चाललं असेल याची कल्पना येईल. नॉर्वेत कित्येक लोक आजही घरी जुन्याच रीतीनं मोजतात.

आज, कोपनहेगनहून माल्मोकडे जाणारी गाडी

जुलै २०००मध्ये पूल सुरू झाल्यापासून ओरेसुंड ओलांडायला अर्ध्या-पाऊण तासाची गाडी पुरते. खालून तोच समुद्र, ज्याच्या दोन्ही बाजूंना एकेकाळी डॅनिश बोललं जायचं. तुमच्या डब्यात एक डॅनिश गृहस्थ आहेत, एक स्वीडिश विद्यार्थिनी, एक नॉर्वेजियन, फेरो बेटांवरची एक मुलगी आणि आइसलंडचा एक तरुण.

डॅनिश गृहस्थ आपला आसन क्रमांक सांगतात, ५२: ‘टो-ओ-हॅल्ट्रेस’. स्वीडिश मुलगी गोंधळते. यात दोन अडचणी आहेत. एक, डॅनिश माणूस निम्मी अक्षरं गिळतो आणि स्वराला घशात झटका देतो. सोळाव्या शतकातही एका स्वीडिश बिशपच्या नावावर अशी तक्रार नोंदली गेली आहे की हे लोक खोकल्यासारखे शब्द बाहेर काढतात. दुसरी अडचण आकड्याचीच. पन्नास म्हणजे ‘अर्धा-तिसरा गुणिले वीस’, अडीच विसा. मराठी माणसाला हे सोपं जावं, कारण ‘अडीच’ हाही मुळात ‘अर्धतृतीय’, अर्धा-तिसराच. शिवाय बावन्नमध्येही दोन आधी येतात. मुलीकडे यातलं काहीच नाही. नॉर्वेजियन हसून मध्ये पडतो: ‘फेमतितो’. तिला लगेच कळतं.

मग गृहस्थ तिला म्हणतात की प्रवास छान ‘रोलि’ होता. त्यांना म्हणायचं आहे शांत. स्वीडिशमध्ये ‘रोलिग’ म्हणजे मजेदार. ती विचारते, काय मजा झाली? पुन्हा नॉर्वेजियन मध्यस्थ. आइसलंडच्या तरुणाला यांच्या गप्पा नीट लागत नाहीत. शाळेत शिकलेलं डॅनिश तो आठवून पाहतो आणि शेवटी इंग्रजीवर येतो. त्याचा दगड अजून ‘स्टेइन्न’ आहे, उच्चार मात्र ‘स्टेइट्न’कडे झुकलेला. जन्मानं त्याचा सख्खा भाऊ असलेला नॉर्वेजियन त्याच्याशी इंग्रजीत बोलतो आणि चुलत स्वीडिशशी घरच्या भाषेत. म्हणूनच भाषाशास्त्रज्ञ आज पूर्व-पश्चिम या जुन्या वाटणीशेजारी दुसरी वाटणी ठेवतात: बेटांवरच्या भाषा आणि मुख्य भूमीवरच्या भाषा. पहिली वाटणी वंशाची, दुसरी सहवासाची.

आणि फेरोची मुलगी? तिची भाषा पश्चिमेच्या शाखेतली, आइसलंडिकची सर्वांत जवळची. कागदावर ती आइसलंडच्या तरुणासारखीच अडायला हवी. पण ती डॅनिश गृहस्थांशी सहज बोलतेय आणि स्वीडिशही तिला कळतंय. लहानपणापासून शाळेत, टीव्हीवर, पुस्तकांत तिला डॅनिश भेटलंय. २००५ साली तरुणांची मोठी चाचणी झाली तेव्हा शेजारभाषा समजण्यात फेरोची मुलं पहिली आली, त्यांच्या मागोमाग नॉर्वेची. स्टॉकहोम आणि कोपनहेगनची मुलं मागे पडली. नॉर्वेत प्रत्येक जण आपल्या खोऱ्याची बोली घेऊन कचेरीत, संसदेत, टीव्हीवर जातो, त्यामुळे वेगळं बोलणं कानावर आलं तर माणूस दचकत नाही, समजून घेतो. ओसेन आणि क्नूदसेन यांच्या न मिटलेल्या भांडणाचा फायदा तो हा. मोठ्या राजधानीत वाढलेल्या मुलाला एकच प्रमाण उच्चार ऐकायची सवय. जरा वेगळं ऐकलं की तो इंग्रजीकडे वळतो.

१९८७पासून एक करार लागू आहे. त्यानुसार या देशांच्या नागरिकांना शेजारच्या देशातल्या सरकारी कचेरीत आपली भाषा वापरता येते. करारानं दुभाषा मिळेल, पण समोरच्याचा कान तयार होणार नाही. गाडी माल्मोत शिरते आणि स्वीडिश मुलगी नॉर्वेजियनाला विचारते, पन्नास असं असेल तर नव्वद काय असेल? तो उत्तर न देता डॅनिश गृहस्थांकडे बोट दाखवतो. गृहस्थ सावकाश, प्रत्येक अक्षर उच्चारत सांगतात: अर्धा-पाचवा गुणिले वीस. ती बोटांवर हिशेब करते, चुकते, पुन्हा करते.